सार्वजनिक ग्रंथालयात पहिल्यांदा जाताना: सेवा, सुलभता आणि मदत मागण्याची रीत

शहरातील सार्वजनिक ग्रंथालय सर्वांसाठी खुले असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेले असतो. तरीही प्रत्यक्ष तेथे जायची वेळ आली की अनेकांचे पाऊल दारातच अडखळते. सभासद कसे व्हावे, पुस्तक कोठे शोधावे, व्हीलचेअरवरून किंवा पांढरी काठी घेऊन आत कसे वावरावे, ऐकू कमी येत असेल तर देवघेवीच्या खिडकीपाशी कसे बोलावे, ही माहिती सहसा एका जागी लिहिलेली नसते. ती थोडी संकेतस्थळावर, थोडी नियमावलीत आणि बरीचशी तेथील कर्मचाऱ्यांच्या डोक्यात असते. त्यामुळे ज्याला विचारण्याची सवय आहे त्याला ग्रंथालयाचा पुरेपूर उपयोग होतो, आणि ज्याला संकोच वाटतो तो वर्तमानपत्र चाळून परत जातो. हा लेख प्रामुख्याने त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

ग्रंथालयात मदत मागणे म्हणजे कोणाचे उपकार घेणे नव्हे, हे सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे. युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा १९४९ साली प्रथम प्रसिद्ध केला आणि ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघासोबत तो १९९४ मध्ये व पुढे २०२२ मध्ये नव्याने मांडला. वय, लिंग, धर्म, भाषा किंवा सामाजिक स्थान यांचा भेद न करता सर्वांना समान सेवा मिळावी, आणि ज्यांना नेहमीच्या पद्धतीने सेवा घेता येत नाही त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अशी व्यवस्था करणे हे ग्रंथालयाचे मूळ कामच आहे.

घरातून निघण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे वेळा पाहणे. ग्रंथालयाची इमारत उघडी असणे आणि आपल्याला हवा तो विभाग चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रांचा कक्ष पहाटेपासून उघडा असू शकतो, अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत चालू राहू शकते आणि पुस्तके घरी देण्याघेण्याची खिडकी मात्र दिवसातले मोजकेच तास उघडी असू शकते. दुपारी मधल्या सुट्टीत ती बंद राहते असेही आढळते. बाल विभाग, संदर्भ विभाग आणि दुर्मीळ ग्रंथांचा विभाग यांच्या वेळा व साप्ताहिक सुट्ट्या निराळ्या असू शकतात. संकेतस्थळावरील वेळापत्रक जुने असण्याची शक्यता धरून एक फोन करणे बरे.

फोनवर काय विचारता यावर काय कळेल ते अवलंबून असते. “तुमच्याकडे दिव्यांगांसाठी सोय आहे का?” असे विचारले तर उत्तर जवळजवळ नेहमीच “हो, आहे” असे येते, आणि ते देणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो, पण त्या उत्तरातून आपल्याला काहीच कळलेले नसते. त्याऐवजी ज्यांचे उत्तर अंदाजाने देता येत नाही असे प्रश्न विचारावेत. मुख्य दारापाशी किती पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा आहे का? रॅम्प असेल तर तो मुख्य दारालाच जोडलेला आहे की मागच्या बाजूला, आणि तिकडचे दार उघडे असते की कुलूप लावलेले असते? किल्ली कोणाकडे असते? लिफ्ट आज चालू आहे का, आणि ती सर्व मजल्यांवर थांबते का? व्हीलचेअर नेता येईल असे स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे, आणि ते सामान ठेवण्यासाठी तर वापरले जात नाही ना? शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण तो टाळू नये, कारण अशा स्वच्छतागृहात झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या साठलेल्या असणे ही दिव्यांग अभ्यागतांची फार जुनी आणि सार्वत्रिक तक्रार आहे.

इतरांनी लिहिलेले अनुभवही वाचावेत, मात्र ते पारखून घ्यावेत. पाच पैकी किती तारे मिळाले याला फारसा अर्थ नसतो. “अतिशय शांत जागा” असे लिहिणारा बहुधा अभ्यासिकेत बसलेला असतो आणि “फार गोंगाट” असे लिहिणारा शाळा सुटण्याच्या वेळी बाल विभागाशेजारी बसलेला असू शकतो. दोघेही खरेच सांगत असतात. म्हणून अनुभव कोणत्या विभागाचा, कोणत्या वेळेचा आणि किती जुना आहे ते आधी पाहावे. नकाशावर एखाद्या ठिकाणापुढे व्हीलचेअरची खूण दिसली म्हणजे तेथे कोणी अधिकृत तपासणी करून गेले आहे, असे समजू नये. ती माहिती अनेकदा वापरणाऱ्यांनीच भरलेली असते, आणि दारापाशी एकच पायरी असेल तर चालत्या माणसाच्या ती लक्षातही येत नाही.

दारापासून टेबलापर्यंत

सुलभता ही साखळीसारखी असते. एक कडी निखळली की बाकीच्या कड्या कितीही भक्कम असल्या तरी उपयोग होत नाही. पहिल्या भेटीत शक्य असल्यास फाटक, दार, खिडकी, लिफ्ट, कपाटांमधील वाट, टेबल आणि स्वच्छतागृह असा सगळा मार्ग एकदा फिरून पाहावा आणि त्या दिवशी दुसऱ्या कामाची घाई ठेवू नये.

पाहताना काही मोजमापे माहीत असली तर केवळ “बरे वाटते” किंवा “अवघड वाटते” यापलीकडे जाता येते. रॅम्पचा उतार साधारणपणे एकास बारा यापेक्षा तीव्र नसावा, असा संकेत अनेक देशांच्या बांधकाम मानकांत आढळतो. म्हणजे पंधरा-पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या मिळून ४५ सेंटीमीटर उंची होत असेल, तर त्यासाठी किमान ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. तीन पायऱ्यांवर दीड मीटरची फळी टाकून केलेला उतार हा रॅम्प नव्हे; त्यावरून खुर्ची ढकलणाऱ्यालाही धोका असतो आणि बसणाऱ्यालाही. दार उघडल्यावर सुमारे ९० सेंटीमीटर मोकळी जागा मिळाली तर बहुतेक खुर्च्या सहज आत येतात, आणि खुर्ची पूर्ण वळवण्यासाठी साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. कपाटांच्या रांगेच्या टोकाला ही जागा नसेल तर माणूस रांगेत शिरतो आणि त्याला उलट्या दिशेने मागे यावे लागते. अशा ठिकाणी आत न शिरता पुस्तके बाहेर आणून मागावीत.

जमिनीवर उठावाच्या पिवळ्या फरशा असतील तर त्यांची भाषा समजून घ्यावी: लांब पट्ट्यांची फरशी पुढे चालण्याची दिशा दाखवते आणि गोल ठिपक्यांची फरशी थांबण्याचा, सावध होण्याचा इशारा देते. जपानमधील सेइची मियाके यांनी ही कल्पना विकसित केली आणि १९६७ साली ओकायामा शहरात अशा फरशा प्रथम रस्त्यावर बसवल्या गेल्या. ग्रंथालयात या पट्ट्यांवर पुस्तकांची ढकलगाडी किंवा कुंडी ठेवलेली दिसली तर ती हलवायला जरूर सांगावे. डोळसांना किरकोळ वाटणारी ती वस्तू काठीने चालणाऱ्याला थेट आदळते.

प्रवेशापाशी पिशव्या जमा करण्याची पद्धत असते. औषधे, पाण्याची बाटली, श्रवणयंत्राची बॅटरी, भिंग, ब्रेल लिहिण्याची पाटी अशा वस्तू आत लागणार असतील तर त्या आधीच वेगळ्या काढून दाखवाव्यात. पांढरी काठी, कुबडी किंवा वॉकर ही जमा करण्याची वस्तू नाही, हे शांतपणे पण ठामपणे सांगावे.

सभासद होताना

बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत आत बसून वाचण्यासाठी सभासद असण्याची गरज नसते. पुस्तक घरी नेण्यासाठी ती असते. ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, काही ठिकाणी वर्गणी आणि परत मिळणारी अनामत, इतके सामान्यतः लागते. अनामतीची पावती जपून ठेवावी, कारण सभासदत्व सोडताना पैसे परत मागायला तोच आधार असतो. शहरात नव्यानेच आलेल्यांची पत्त्याच्या पुराव्यापाशी अडचण होते. अशा वेळी शिक्षणसंस्थेचे, नोकरीच्या ठिकाणचे किंवा जुन्या सभासदाचे पत्र चालते का ते विचारावे.

अर्जासोबत नियमावली मागून घ्यावी आणि त्यात एका वेळी किती पुस्तके मिळतात, किती दिवसांसाठी, मुदत वाढवून मिळते का आणि पुस्तक हरवल्यास काय, एवढे तरी वाचावे. त्यानंतर नियमावलीत सहसा ठळकपणे न छापलेल्या गोष्टी विचाराव्यात: आजारी किंवा दिव्यांग सभासदाला जास्त मुदत मिळते का, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला पुस्तके नेता येतात का, घरपोच सेवा आहे का, फोनवरून मुदत वाढवून मिळते का. अर्जावरील अक्षर बारीक असेल तर तो वाचून दाखवण्याची आणि भरून घेण्याची विनंती करावी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र एखाद्या सवलतीसाठी मागितले तर ते दाखवणे योग्य आहे, पण खुर्ची सरकवून देण्यासाठी किंवा वरच्या कप्प्यातील पुस्तक काढून देण्यासाठी कोणीही प्रमाणपत्र मागू नये, आणि मागितले तर ते दाखवण्याची गरज नाही.

पुस्तक शोधणे

ग्रंथालयाची यादी आता बहुधा संगणकावर असते आणि तिला ओपॅक म्हणतात. तिच्यात लेखक, शीर्षक आणि विषय अशा तीन वाटांनी शोध घेता येतो. मराठी पुस्तकांच्या बाबतीत नवख्या माणसाची निराशा येथेच होते, कारण पुस्तक ग्रंथालयात असूनही शोधात सापडत नाही. काही ग्रंथालयांत मराठी शीर्षके देवनागरीत, तर काही ठिकाणी रोमन लिपीत नोंदवलेली असतात, आणि रोमन लिपीत एकच नाव चार तऱ्हांनी लिहिले जाते. जुन्या पुस्तकांच्या नोंदींत ‘नांव’, ‘कांहीं’ अशी अनुस्वार असलेली रूपे तशीच उतरवलेली असतात. म्हणून पूर्ण शीर्षक न टाकता त्यातील एखादाच निःसंदिग्ध शब्द टाकावा, आडनाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे, आणि तरीही न सापडल्यास “नाही” असे गृहीत धरण्याऐवजी खिडकीपाशी विचारावे.

नोंद सापडली की वर्गांक, म्हणजे पुस्तकाला विषयानुसार दिलेला क्रमांक, टिपून घ्यावा. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेली दशांश वर्गीकरण पद्धती जगभरातील ग्रंथालयांत वापरली जाते; तिच्यात सर्व ज्ञान दहा मुख्य वर्गांत विभागलेले असते. ३०० पासून सामाजिक शास्त्रे, ५०० पासून विज्ञान, ८०० पासून साहित्य, ९०० पासून इतिहास व भूगोल, असा तो क्रम आहे. मराठी साहित्य ८९१.४६ या वर्गांकाखाली येते. हे आकडे दशांश आहेत हे विसरले की माणूस हमखास चुकीच्या कप्प्यापाशी पोहोचतो. शुश्रूषेचा वर्गांक ६१०.७३ आहे आणि वैद्यकाच्या इतिहासाचा ६१०.९, त्र्याहत्तर ही संख्या नवापेक्षा मोठी असली तरी कपाटात ६१०.७३ आधी येतो आणि ६१०.९ नंतर, कारण दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक आधी पाहायचा असतो. वर्गांकाखाली लेखकाच्या नावाची आद्याक्षरे असतात आणि एकाच वर्गांकातील पुस्तके त्या अक्षरांच्या क्रमाने लावलेली असतात. काही ग्रंथालये निराळी पद्धत वापरतात, उदाहरणार्थ भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची १९३३ साली प्रसिद्ध झालेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. तेथे अंकांसोबत अक्षरे आणि विरामचिन्हेही दिसतात. ती पाहून गोंधळू नये, पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी आणि आपल्या हातातला वर्गांक जुळवत जावे.

मुक्तद्वार पद्धतीच्या ग्रंथालयात आपण स्वतः कपाटापर्यंत जातो. इतर ठिकाणी मागणीची चिठ्ठी भरून द्यावी लागते आणि कर्मचारी पुस्तक आणून देतो. चालण्याचा किंवा वाकण्याचा त्रास असणाऱ्यांनी मुक्तद्वार ग्रंथालयातही चिठ्ठी देऊन पुस्तके मागवण्याची मुभा मागावी. मात्र चिठ्ठीत एकच पुस्तक न मागता “या विषयावरची याच कप्प्यातील पाच-सहा पुस्तके पाहायला द्या” असे लिहावे, कारण कपाटासमोर उभे राहून चाळण्याचा जो लाभ इतरांना होतो तो त्यामुळे आपल्यालाही मिळतो.

ग्रंथपालाशी कसे बोलावे

या लेखातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली: ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. ग्रंथपालाच्या प्रशिक्षणात ही सूत्रे शिकवली जातात, आणि दुसरे व चौथे सूत्र प्रत्यक्षात उतरायचे असेल तर वाचकानेही आपली गरज नीट सांगितली पाहिजे.

आपण बहुतेक वेळा खऱ्या प्रश्नाऐवजी त्याचा संक्षेप विचारतो. “कायद्याची पुस्तके कुठे आहेत?” असे विचारल्यावर “तिसऱ्या मजल्यावर” हे उत्तर मिळते, आणि वर गेल्यावर जाडजूड कायदेग्रंथांची भिंत समोर उभी राहते. त्याऐवजी असे म्हणून पाहावे: “माझ्या आईला मृत्युपत्र करायचे आहे. त्याची रीत साध्या मराठीत समजावणारे पुस्तक हवे आहे, आणि तिला बारीक अक्षर वाचवत नाही.” या दोन वाक्यांत काम काय आहे, भाषा व पातळी कोणती हवी आणि अडचण कोणती आहे, हे सगळे आले. अनुभवी ग्रंथपाल यावर आणखी दोन-तीन प्रश्न विचारतात. ती चौकशी नसून त्यांच्या कामाची पद्धत आहे, तेव्हा उत्तरे देताना हात आखडू नये. विषय खासगी असेल, म्हणजे आजार, घटस्फोट, कर्ज यांसारखा, तर “थोडे बाजूला बोलता येईल का?” असे विचारावे किंवा कागदावर लिहून द्यावे.

मूकबधिर किंवा कमी ऐकू येणाऱ्या वाचकांनी प्रश्न आधीच लिहून नेला तर खिडकीवरच्या गर्दीत त्रास वाचतो. ओठ वाचणाऱ्यांनी कर्मचाऱ्याला चेहरा समोर ठेवून बोलण्याची विनंती करावी. दृष्टिहीन किंवा व्हीलचेअरवरील वाचकाबरोबर सोबती असेल तर कर्मचारी अनेकदा त्या सोबत्याशीच बोलू लागतात: “यांना काय हवंय?” अशा वेळी सोबत्याने उत्तर न देता किंचित मागे सरकावे आणि वाचकाने स्वतः बोलावे; हा बदल बहुधा दुसऱ्या वाक्यापासूनच घडतो. सोबत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की येथे घाई करू नये. पुस्तक निवडण्याचे स्वातंत्र्य हे वाचनाचेच अंग आहे.

वाचण्याच्या निरनिराळ्या वाटा

छापील पान वाचता येत नाही म्हणून ग्रंथालय आपल्यासाठी नाही, असे समजणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात उतारवयात दृष्टी मंदावलेले वाचक सर्वांत जास्त आहेत. त्यांनी आधी मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांची चौकशी करावी. नेहमीच्या पुस्तकातील अक्षर साधारण १० ते १२ पॉइंटचे असते, तर मोठ्या अक्षराच्या पुस्तकात ते १६ पॉइंट किंवा त्याहून मोठे असते. मराठीत अशी पुस्तके फार थोडी आहेत, म्हणून भिंग, उजेडाचे भिंग किंवा पान पडद्यावर मोठे करून दाखवणारे यंत्र आहे का, हे विचारावे. यंत्र असूनही ते कपाटात बंद राहिलेले असते, कारण कोणी मागत नाही म्हणून ते बाहेर काढले जात नाही, आणि बाहेर दिसत नाही म्हणून कोणी मागत नाही.

ब्रेल लिपी सहा ठिपक्यांची असते आणि त्यांच्या जुळणीतून ६३ चिन्हे तयार होतात. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ साली स्वीकारली गेली आणि मराठी ब्रेल तिच्यातलीच आहे. ब्रेल पुस्तके आकाराने मोठी असतात, एका छापील पुस्तकाचे अनेक खंड होतात, त्यामुळे घरी नेण्याची व्यवस्था आधी विचारून ठेवावी. ध्वनिपुस्तक मागताना ते डेझी स्वरूपात आहे का ते पाहावे. साध्या ध्वनिफितीत पुढे-मागे अंदाजाने जावे लागते, तर डेझी पुस्तकात प्रकरण, उपप्रकरण आणि पान यांनुसार थेट हव्या त्या जागी जाता येते. अभ्यासासाठी हा फरक फार मोठा आहे.

ग्रंथालयातील संगणकावर पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली, आहे का, हे नावाने विचारावे. एनव्हीडीए हा पडदावाचक मोफत असून मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तंत्रज्ञांनी तो उभा केला; त्याचे काम २००६ मध्ये सुरू झाले. तो पेन ड्राइव्हवरूनही चालवता येतो, पण सार्वजनिक संगणकावर तसे करण्यास मनाई असू शकते, म्हणून परवानगी घ्यावी. तो मराठीही वाचतो. मात्र मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, असावा लागतो. जुन्या बिगर-युनिकोड टंकांत तयार केलेल्या फाइली पडद्यावर व्यवस्थित मराठी दिसतात आणि पडदावाचक मात्र अर्थहीन अक्षरे उच्चारतो. पान स्कॅन करून नुसते चित्र म्हणून ठेवले असेल तर तो काहीच वाचत नाही. त्या चित्रातून अक्षरे ओळखून काढण्याची सोय ग्रंथालयाकडे आहे का, ते विचारावे लागते. आपले हेडफोन बरोबर न्यावेत.

हवे ते पुस्तक वाचता येईल अशा स्वरूपात उपलब्धच नसेल तर मराकेश कराराचे नाव घ्यावे. २०१३ साली स्वीकारलेला आणि ३० सप्टेंबर २०१६ रोजी अमलात आलेला हा आंतरराष्ट्रीय करार छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी आहे. करारात सामील देशांत अधिकृत संस्थांना हक्कधारकाची परवानगी न घेता पुस्तकाची ब्रेल, ध्वनी किंवा डिजिटल प्रत तयार करता येते आणि ती सीमेपलीकडेही पाठवता येते. २०१४ साली या कराराला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. याचा लाभ केवळ दृष्टिहीनांनाच नसून डिस्लेक्सिया असणाऱ्यांना आणि शारीरिक कारणाने पुस्तक हातात धरता न येणाऱ्यांनाही आहे, ही गोष्ट ग्रंथालयांतही सर्वांना ठाऊक नसते.

व्याख्यान किंवा वाचनाच्या कार्यक्रमाला जाणाऱ्या श्रवणयंत्रधारकांनी सभागृहात कानाच्या चिन्हाखाली ‘टी’ अक्षर आहे का ते पाहावे. ते चिन्ह म्हणजे तेथे इंडक्शन लूप बसवलेला आहे. श्रवणयंत्र ‘टी’ स्थितीत नेल्यावर वक्त्याचा आवाज थेट त्यात येतो आणि आजूबाजूची कुजबुज वगळली जाते. लूप बसवलेला असूनही चालू केलेला नसतो, असे होते, म्हणून कार्यक्रमाआधी दहा मिनिटे जाऊन तपासून घ्यावे. गर्दी, लखलखता उजेड किंवा अचानक होणारे आवाज ज्यांना सहन होत नाहीत त्यांनी सर्वांत निवांत वेळ कोणती ते विचारून तीच निवडावी.

संगणक, प्रती आणि ई-पुस्तके

संगणकासाठी बहुधा वेळ आरक्षित करावी लागते. काम संपल्यावर प्रत्येक खात्यातून बाहेर पडावे आणि उतरवून घेतलेल्या फाइली पुसून टाकाव्यात. झेरॉक्स काढताना पूर्ण पुस्तकाची प्रत मिळत नाही, ते प्रताधिकाराच्या कायद्यामुळे. ई-पुस्तकासाठी प्रतीक्षायादी पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. प्रकाशकाकडून घेतलेल्या परवान्यानुसार एक प्रत बहुधा एका वेळी एकाच वाचकाला देता येते, म्हणून तेथेही नंबर लावावा लागतो. हवे ते पुस्तक ग्रंथालयात नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवण्याची, म्हणजे आंतरग्रंथालयीन देवघेवीची, सोय असते. तिला वेळ लागतो, पण ती मागणाऱ्यांची संख्या फार कमी असते.

विलंब शुल्काच्या भीतीने पुस्तक परत करायलाच न जाणे हे सर्वांत वाईट. मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावी. आजारपण किंवा तशीच अडचण असेल तर स्पष्ट सांगावे. शुल्कामुळे गरीब वाचक दुरावतात हे ओळखून शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२१ मध्ये ते बंदच केले, तेव्हा या बाबतीत सूट मागण्यात गैर काही नाही.

अडचण आली तर

तोंडी सांगून प्रश्न सुटत असेल तर तेथेच सोडवावा. न सुटल्यास लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. “दिव्यांगांची फार गैरसोय होते” असे लिहिलेले पत्र फाइलीत जाते, कारण त्यावर नेमके काय करायचे ते वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: “मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता पूर्वेकडील रॅम्पचे दार कुलूपबंद होते. किल्ली असलेले कर्मचारी येईपर्यंत मला व्हीलचेअरवर पंचवीस मिनिटे उन्हात थांबावे लागले. ग्रंथालयाच्या वेळेत हे दार उघडे ठेवावे, किंवा दारावर घंटी बसवून तिची जबाबदारी एका कर्मचाऱ्याकडे द्यावी, ही विनंती.” दिवस, वेळ, जागा, झालेला परिणाम आणि हवा असलेला उपाय, एवढे आले की पत्र पुरे होते. राग व्यक्त करायला हरकत नाही, पण एखाद्या शिपायावर तो काढू नये. कुलूप लावण्याचा आदेश बहुधा वरून आलेला असतो.

आधाराची गरज पडल्यास संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार पत्रात नमूद करावा. १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या या कराराचे नववे कलम सुलभतेविषयी आहे, आणि तिसाव्या कलमात सांस्कृतिक सेवांची ठिकाणे सांगताना ग्रंथालयांचा नावानिशी उल्लेख केला आहे.

चांगला अनुभव आला तर तोही लिहून कळवावा, आणि त्यातही नेमकेपणा ठेवावा. संदर्भ विभागातील ग्रंथपालाने तुमच्यासाठी यादी मोठ्या अक्षरात छापून दिली असेल तर तसे लिहावे. वरिष्ठांना त्या सेवेचा उपयोग दिसतो आणि पुढच्या अर्थसंकल्पात ती टिकण्याची शक्यता वाढते. इतरांसाठी अनुभव नोंदवताना पायऱ्या मोजून लिहाव्यात, लिफ्ट किती मजल्यांवर थांबते ते लिहावे, कोणत्या वेळी गेलात ते लिहावे, आणि तक्रारीनंतर काही सुधारले असेल तर जुन्या नोंदीत तशी भर घालावी. उघडलेल्या रॅम्पच्या दाराची बातमी पोहोचली नाही, तर आधीची नोंद वाचून कोणीतरी घरीच थांबलेले असते.